यमूआत्याचं प्रशस्तिपत्र

गेल्या महिन्यात गावाकडच्या घराचा माळा रिकामा केला. घर विकायचं ठरलंय. (त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. आत्ता लिहायला बसले तर रडू येईल.) माळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक होती. आजोबा वाई तालुक्यात लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होते. ट्रंकेत जुनी पंचांगं, हजेरीपत्रकांचे कोरे कागद, दौत आणि त्यांची घरची जावक वही. शाळेच्या सवयीने ते घरून पाठवलेल्या प्रत्येक पत्राचीही नोंद ठेवत. आणि अगदी तळाशी एका औषधी कारखान्याचं सूचीपत्र, १९२९ सालचं.

कारखान्याचं नाव सांगत नाही. तो केव्हाच बंद पडला. सूचीपत्राच्या निम्म्या पानांवर औषधं होती आणि निम्म्या पानांवर प्रशस्तिपत्रं. मामलेदार, वकील, संस्थानचे कारभारी, हायस्कुलातले मास्तर, असे सगळे प्रतिष्ठित लोक. त्यांतच आमचे आजोबा! पत्राचा मजकूर थोडक्यात असा: कन्या चि. यमुना, वय ५, हिला दीड वर्ष ताप येऊन अंगी अशक्तता आली होती. आपल्या औषधाच्या तीन बाटल्यांनी ताप समूळ गेला, मूल बाळसेदार झाले. खाली नाव, हुद्दा, गाव.

यमुना म्हणजे यमूआत्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण. मी तिला पाहिलेलं नाही. पाहणार कुठून? ती १९२६ सालीच गेली, सातव्या वर्षी. तापानेच गेली. आणि सूचीपत्र १९२९ चं आहे.

दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. मग माझी इतिहास शिकवण्याची सवय उफाळून आली आणि मी औषधांच्या जाहिरातींच्या मागे लागले. जुने अंक चाळले, मुलाने इंटरनेटवर शोधून दिलं, थोडं मला स्वतःला आठवत होतं. तेच आज मांडते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आजोबांच्या काळी खेड्यातल्या माणसाला डॉक्टर म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यातला एक. तिथे जायचं म्हणजे बैलगाडी आणि दिवसाची रजा. पोस्टमन मात्र दारात येई. मागवलेली वस्तू पोस्टमनच्या हाती पैसे देऊन सोडवून घ्यायची व्ही. पी.ची पद्धत आपल्याकडे १८७७ पासून होती. औषधवाल्यांना हे फार सोयीचं झालं. वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, पत्र आलं की बाटली व्ही. पी.ने रवाना. गिरगावच्या डोंगऱ्यांचं बालामृत, बाटलीवाल्यांचं हिवतापावरचं औषध, जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या ही नावं त्या काळच्या वृत्तपत्रांत नि मासिकांत सारखी भेटतात. पनवेलचा धूतपापेश्वर कारखाना तर १८७२ चा. अमृतांजन १८९३ साली मुंबईत सुरू झालं, हे मला माहीत नव्हतं. मी ते मद्रासचं समजत होते. काशीनाधुनी नागेश्वर राव हे त्याचे जनक. गाण्याच्या मैफलींत ते बाम फुकट वाटत. पुढे याच मिळकतीतून त्यांनी 'आंध्र पत्रिका' हे तेलुगू वृत्तपत्र काढलं, १९०८ साली, तेही मुंबईतच. म्हणजे वृत्तपत्रं औषधांच्या जाहिरातींवर चालत, आणि इथे तर औषधातूनच वृत्तपत्र निघालं!

या जाहिरातींत एक औषध शंभर रोगांवर चाले. अशक्तपणा, बद्धकोष्ठ, स्मरणशक्ती, रक्तदोष आणि ज्यांचा उच्चार चारचौघांत करत नसत ते पुरुषांचे विकार, सगळं एकाच गोळीत. आत काय आहे ते सहसा सांगत नसत. "गुप्त कृती" हाच मोठेपणा. मग लोकांनी विश्वास कशावर ठेवायचा? तर साक्षीवर. अमुक गावच्या तमुक रावसाहेबांना गुण आला. रावसाहेब कशाला खोटं बोलतील?

आणि आजोबा तर खोटं बोललेच नव्हते, ही यातली खरी गोम आहे. त्या वर्षी यमूआत्याचा ताप खरंच उतरला होता. पण आजीने सांगितलेलं मला आठवतं, की त्याच दिवसांत यमूला पोस्टातून आणलेल्या कोयनेलच्या पुड्याही गुळात घालून देत होते. हिवतापावर कोयनेल हे तेव्हाचं खरं औषध. सरकार पोस्टातून ते स्वस्तात विकत असे. पण कोयनेल कडूजहर आणि पुडीवर कुणाचं चित्र नाही, की कुणाचं पत्र नाही. बाटली गोड होती, तिच्यावर गुटगुटीत बाळ होतं. ताप उतरल्यावर श्रेय बाटलीला गेलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला! बरं, ताप "समूळ" गेला असं वाटल्यावर पुड्या थांबल्या. दोन वर्षांनी तो पुन्हा आला तेव्हा आधी बाटल्याच मागवल्या. पुढचं आजीने कधी सांगितलं नाही.

सरकारला या बाजाराची जाग यायला वेळ लागला. १९३० साली कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, तिचा अहवाल १९३१ ला आला आणि औषधांचा कायदा झाला १९४० साली. त्यात भर औषध भेसळीचं नाही ना, योग्य प्रतीचं आहे ना, यावर. जाहिरातीत काय बोलावं हा प्रश्न तसाच राहिला.

याच काळातली एक गोष्ट मी वर्गात कधी सांगू शकले नाही (आमच्या शाळेत ते शक्य नव्हतं), ती इथे सांगते. रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईत १९२१ पासून संततिनियमनाचं केंद्र चालवत होते आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते. शरीराची माहिती सरळ, शास्त्रीय शब्दांत द्यायची एवढाच त्यांचा हट्ट. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते बाबासाहेब आंबेडकर. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून तो खटला होता. तरीही कर्व्यांना दंड झालाच. आणि त्याच वर्षांत "गेलेली शक्ती परत आणणाऱ्या" गोळ्यांच्या जाहिराती मात्र घरोघरी जाणाऱ्या अंकांतून सुखाने छापल्या जात होत्या. लाज विकणाऱ्याला बाजार मोकळा होता, आणि लाजेचं कारण नाही असं सांगणारा आरोपीच्या पिंजऱ्यात!

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आला. त्याचं पूर्ण नाव 'औषधे आणि जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम'. जादूई उपाय म्हणजे काय, तर ताईत, मंत्र, कवच, असं त्या कायद्यातच लिहिलंय. सोबत रोगांची यादी आहे. त्या यादीत आज ५४ नोंदी आहेत. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, फेफरं, महारोग, पक्षाघात, रक्तदाब, लठ्ठपणा, अगदी माणसाची उंचीसुद्धा. हे बरे करतो अशी जाहिरातच करायची नाही. केली तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हमदर्द दवाखाना आणि इतर काहीजण या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५९ च्या निकालात न्यायालयाने एक-दोन तरतुदी काढून टाकल्या, पण कायद्याचा गाभा ठेवला.

गंमत अशी, की गर्भधारणा टाळण्याच्या उपायांची जाहिरातही या कायद्याने बंद केली होती, सरकारी जाहिराती मात्र वगळल्या होत्या. त्यामुळे साठीच्या दशकात सरकारच सर्वांत मोठं जाहिरातदार झालं. लाल त्रिकोण एसटी स्टँडपासून ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत सगळीकडे. १९६८ पासून निरोध. कर्वे १९५३ सालीच वारले होते. ज्या कामापायी त्यांनी प्राध्यापकी गमावली, ते आता सरकार रंगात रंगवत होतं.

यानंतरचा काळ मी स्वतः पाहिलेला. मुंबई-पुणे-नागपूरच्या विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून जाहिराती सुरू झाल्या आणि डोकेदुखीला चाली मिळाल्या. दूरदर्शनवर १९७६ पासून. आता साक्षीला रावसाहेब नव्हते, पांढरा कोट घातलेला माणूस होता. डॉक्टर म्हणायचा नाही, पण डॉक्टर वाटायचा. आणि घरातली बाई. ग्राइप वॉटरची ती जाहिरात माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. बाळ रडतंय, आई तिच्या आईला विचारते, ती आपल्या आईला. प्रत्येक पिढी म्हणते, तुला मी हेच दिलं होतं. हे ग्राइप वॉटर एकोणिसाव्या शतकातलं, विलायतेतल्या नॉटिंगहॅमचं, आणि मूळ कृतीत मद्यार्कही असे. पण जाहिरातीत ते आपल्या पणजीच्या बटव्यातलं झालं. मीही दोन्ही मुलांना पाजलंय, कारण आईने सांगितलं. आईला कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही.

औषध म्हणायचं की नाही, यातही हिशेब असतो हे मला फार उशिरा कळलं. पेंढारकरांच्या विको कंपनीने आपली हळदीची क्रीम हे सौंदर्यप्रसाधन नव्हे असं गाऊन सांगितलं. आम्हाला ते नुसतं गाणं वाटायचं. पण औषध की प्रसाधन यावर अबकारी कराचा दर ठरत होता आणि कंपनी वर्षानुवर्षं कोर्टात तेच मांडत होती. व्हिक्सची गोष्ट तर तेव्हाचे कंपनीप्रमुख गुरुचरण दास यांनीच लिहून ठेवलीय. डबीतला कापूर, पुदिन्याचा अर्क, निलगिरी तेच ठेवून ऐंशीच्या दशकात त्याची नोंद आयुर्वेदिक औषध म्हणून करून घेतली. त्यामुळे किमतीवरचं नियंत्रण सुटलं आणि किराणा दुकानातही विकता येऊ लागलं. डबी तीच, औषध तेच, पॅथी बदलली! यात कुणाचं नुकसान झालं असं मी म्हणत नाही. माझ्या उशाशी आजही ती निळी डबी आहे.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची जाहिरात आपल्याकडे लोकांसमोर करता येत नाही. अमेरिकेतले आमचे भाचे सांगतात, तिकडे टीव्हीवर हृदयाच्या गोळ्यांच्याही जाहिराती असतात आणि शेवटी एक माणूस भराभरा दुष्परिणाम वाचून दाखवतो. १९९७ साली तिथले नियम सैल झाल्यापासून त्या फार वाढल्या. पण आपल्याकडे जाहिरात नाही असं समजू नका. ती आपल्याला दिसत नाही इतकंच. दवाखान्यात आपल्या आधी आत जाणारा, टाय लावलेला, बॅगवाला तरुण आठवा. ही जाहिरात डॉक्टरांपुढे होते. कंपन्यांनी डॉक्टरांना भेटी, सहली देऊ नयेत अशी नवी संहिता सरकारने मार्च २०२४ मध्ये काढली, यावरूनच काय ते समजावं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये पतंजली आयुर्वेद कंपनीला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे माफी मागावी लागली. सदुसष्ट वृत्तपत्रांत माफीनामा छापला. न्यायमूर्तींनी विचारलं, माफीचा आकार तुमच्या जाहिरातींएवढाच आहे का? दुसऱ्या दिवशी मोठा माफीनामा आला. मी पेपर वाचताना मनापासून हसले. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने खोटी साक्ष देणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही दहा लाखांपर्यंत दंड ठेवलाय. शंभर वर्षांनी का होईना, साक्षीदाराला जबाब द्यावा लागणार म्हणून मला बरं वाटलं.

हे सगळं वाचून मी हसले ते माझ्यावर काय वेळ येणार हे ठाऊक नसताना. आता जे लिहायला बसले होते ते लिहिते.

गेल्या दिवाळीच्या सुमारास मला व्हॉट्सअॅपवर एक मजकूर आला. पाच पानांचा काढा, तीन महिने, मधुमेह मुळापासून बरा. मी घेऊन पाहिला. माझी साखर १८० वरून १३५ वर आली. मी आनंदाने तो मजकूर आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला आणि वर माझी ओळ जोडली, "मला स्वतःला गुण आला आहे." डॉक्टरांच्या गोळ्या मी घेतच होते, रोज संध्याकाळी चालायलाही लागले होते, हे लिहायचं काही सुचलं नाही. त्यात काय सांगायचं, असं वाटलं.

माझी धाकटी बहीण कुंदा लहानपणी माझ्याच वर्गात शिकली. ताई सांगते म्हणजे खरंच असणार, हे तिच्या हाडीमासी भिनलेलं. तिने काढा सुरू केला आणि हळूहळू गोळ्या बंद केल्या. मला सांगितलंही नाही, तीन महिन्यांनी आनंदाची बातमी देणार होती म्हणे. फेब्रुवारीत तिच्या पायाला जखम झाली, ती चिघळली. डाव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. दवाखान्यात ती मलाच समजावत होती, "ताई, तुझा काय दोष? तू चांगल्यासाठीच पाठवलंस."

चांगल्यासाठीच. आजोबांनीही चांगल्यासाठीच लिहिलं होतं. माझ्या जागी दुकानदार असता, तर मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातीबद्दल १९५४ चा कायदा त्याला विचारू शकला असता. मला कोण विचारणार? मी काही विकत नव्हते. मी फक्त साक्ष देत होते, फुकट. जामनगर नि गिरगावच्या जाहिरातींना रावसाहेबांची पत्रं गोळा करावी लागत, टीव्हीवाल्यांना कोट भाड्याने आणावा लागे. आता ते काम मोठी बहीण करते.

पुण्याला परत आल्यावर मी आजोबांची जावक वही उघडली. १९२४ मध्ये प्रशस्तिपत्राची नोंद सापडली. पुढची पानं उलटत गेले. १९२६ च्या पावसाळ्यात आणखी एक नोंद, त्याच कारखान्याच्या नावे: "कन्या यमुना मयत. सबब आमचे पत्र येथून पुढे छापू नये." पुढच्या वर्षी तीच नोंद पुन्हा, शेजारी "स्मरणपत्र". १९२८ मध्ये आणखी एकदा. उत्तर आल्याची नोंद नाही. १९२९ च्या सूचीपत्रात यमूआत्या पाच वर्षांची आणि बाळसेदारच आहे.

आजोबांच्या हातात तेवढंच होतं, ते त्यांनी तीन वेळा केलं. माझ्या हातात जास्त आहे. मी ग्रुपवर दुरुस्ती टाकली. पण पहिला मजकूर तिथून कुठे कुठे गेला हे मला कळायला मार्ग नाही. आपल्यातल्याच चौघांनी तो आपापल्या भिशीच्या, सोसायटीच्या, जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर पाठवल्याचं मला सांगितलंय.

म्हणून ही विनंती. ज्यांनी तो पुढे पाठवला असेल, त्यांनी हे पत्रही त्याच ठिकाणी पाठवावं. माझ्या नावाने पाठवलं तरी चालेल. माझी साखर उतरली ती गोळ्या आणि चालणं चालू असताना. काढ्याने उतरली असं मी म्हणू शकत नाही. मी तसं लिहिलं ते चुकीचं होतं. कुणाच्या गोळ्या बंद झाल्या असतील, तर आजच डॉक्टरांकडे जा.

असो. कुंदा आता काठीशिवाय चालते. सूचीपत्र तिला दाखवलं. बराच वेळ पान ३१ बघत बसली आणि म्हणाली, "यमूआत्याचा एकही फोटो नाही ना आपल्याकडे?" नाही. हे पत्र तेवढं आहे.